झोपलेल्या घराचा पहारा

आग म्हटली की डोळ्यांपुढे ज्वाला उभी राहते. वृत्तपत्रेही 'आगीत होरपळून मृत्यू' असाच मथळा देतात. वस्तुतः इमारतींना लागलेल्या आगींत प्राण गमावणाऱ्यांपैकी पुष्कळांना ज्वालेचा स्पर्शदेखील झालेला नसतो. त्यांच्यापर्यंत पोहोचतो तो धूर, आणि धुराबरोबर येणारे विषारी वायू. १३ जून १९९७ रोजी दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात ५९ माणसे दगावली ती अशीच. आग लागली होती तळमजल्यावर, वाहने उभी करण्याच्या जागेजवळच्या विद्युत् रोहित्राला. माणसे दगावली वरच्या सज्जात, धुराने गुदमरून. ९ डिसेंबर २०११ च्या पहाटे कोलकात्यातील ढाकुरिया येथे एका रुग्णालयाच्या तळघरात आग लागली आणि वरच्या मजल्यांवर अंथरुणास खिळलेले रुग्ण धुराने मृत्युमुखी पडले. मृतांची संख्या नव्वदच्या घरात गेली. दोन्ही घटनांत आगीची जागा एक आणि मरणाची जागा दुसरी. पुढे ज्या साधनांचा विचार करावयाचा आहे त्यांची सारी गरज या एका गोष्टीतून निर्माण होते. म्हणून वाचकाने ती आरंभीच ध्यानात घ्यावी.

राहते घर चित्रपटगृहाएवढे मोठे नसते हे खरे. परंतु चित्रपटगृहात नसलेली एक उणीव घरात असते: घर रात्री झोपते. जागेपणी जळका वास आपल्याला तत्काळ सावध करतो. झोपेत मात्र नाकाचा भरवसा धरता येत नाही. वास आला की माणूस हमखास जागा होतो हा समज सार्वत्रिक आहे, पण प्रयोगांच्या कसोटीस तो उतरलेला नाही. गाढ झोपेत थोडीफार राखण करतो तो कानच. तेव्हा झोपलेल्याला आगीची वर्दी द्यायची तर ती आवाजाने दिली पाहिजे, आणि तो आवाज आगीपाशी नव्हे, तर झोपलेल्याच्या उशाशी झाला पाहिजे.

न दिसणारा वायू

धुराला निदान रंग आहे, वास आहे. कार्बन मोनॉक्साइड या वायूला यांपैकी काहीही नाही. लाकूड, कोळसा, रॉकेल, डिझेल, स्वयंपाकाचा गॅस यांपैकी कोणतेही इंधन भरपूर हवेत जळले म्हणजे कार्बन डाय-ऑक्साइड तयार होतो. हवा अपुरी पडली म्हणजे ज्वलन अर्धवट राहते व कार्बन मोनॉक्साइड तयार होऊ लागतो. राखेने झाकलेले निखारे धूर देत नाहीत, म्हणून ते निर्धोक वाटतात. पण मंदपणे धुमसणारा कोळसा हाच या वायूचा मोठा उगम आहे.

श्वासावाटे हा वायू फुप्फुसांत गेला की तो रक्तातील हीमोग्लोबिनला चिकटतो. ऑक्सिजन वाहून नेण्याचे काम याच द्रव्याकडे असते. परंतु ऑक्सिजनपेक्षा कार्बन मोनॉक्साइडशी त्याची आसक्ती दोनशे ते अडीचशे पट अधिक आहे. परिणामी रक्त वाहत राहते, श्वास चालू राहतो, आणि शरीर मात्र प्राणवायूवाचून तडफडू लागते. फ्रेंच शरीरक्रियावैज्ञानिक क्लोद बेर्नार यांनी १८५७ च्या सुमारास या विषबाधेचे हे स्वरूप उलगडून दाखविले. पुढे जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी १८९६ साली ब्रिटिश कोळसा खाणींतील स्फोटांचा अहवाल लिहिला. स्फोटात सापडलेल्या कामगारांपैकी बहुसंख्यांचा बळी स्फोटाने नव्हे, तर नंतर पसरलेल्या कार्बन मोनॉक्साइडने घेतला, असे त्यांना आढळले. खाणीत उंदीर किंवा कॅनरी पक्षी बरोबर न्यावा, ही सूचनाही त्यांचीच. लहान जिवाचा श्वास जलद असतो, त्यामुळे माणसाच्या आधी तो कोसळतो व माणसाला मागे फिरण्यास अवधी मिळतो. ब्रिटिश खाणींतील अखेरच्या सुमारे दोनशे कॅनरींना निवृत्त करण्याचा निर्णय १९८६ साली झाला आणि त्यांची जागा विद्युत् उपकरणांनी घेतली. आज घरात भिंतीवर बसविता येते ते उपकरण याच पक्ष्याचे वारस होय.

या विषबाधेचे पहिले लक्षण म्हणजे डोकेदुखी. मग मळमळ, गरगरणे, हातापायांतील बळ जाणे. आपल्याकडे अशा वेळी 'पित्त उसळले असेल' असे म्हणून माणूस दार लावून पडून राहतो, म्हणजे नेमके जे करू नये तेच करतो. घरातील दोघातिघांचे डोके एकाच वेळी दुखू लागले आणि बाहेर अंगणात गेल्यावर बरे वाटले, तर पित्ताचा विचार सोडून शेगडीकडे किंवा गीझरकडे पाहावे. करोनाच्या साथीपासून अनेक घरांत बोटाला लावण्याचा ऑक्सिमीटर आला आहे. त्यावर येथे विसंबू नये. ऑक्सिजन वाहणारे हीमोग्लोबिन आणि कार्बन मोनॉक्साइडने व्यापलेले हीमोग्लोबिन यांतील भेद त्या साध्या उपकरणाला कळत नाही. माणूस बेशुद्धीच्या उंबरठ्यावर असतानाही ते समाधानकारक आकडा दाखवू शकते. मोकळ्या हवेत आल्यावर रक्तातील या वायूचे प्रमाण निम्मे होण्यास चार ते पाच तास लागतात. शुद्ध ऑक्सिजन दिल्यास सुमारे दीड तास पुरतो. म्हणूनच अशा रुग्णाला नुसते वाऱ्यावर बसवून भागत नाही, रुग्णालयात न्यावे लागते.

भारतातील घरांत हा वायू कोठून येतो, हे प्रदेशागणिक बदलते. काश्मिरात बुखारी व कांगडी, दिल्ली–पंजाबच्या थंडीत बंद खोलीत ठेवलेली कोळशाची अंगिठी, वीज गेली की जिन्याखाली किंवा बंद गच्चीत चालू होणारे जनित्र. महाराष्ट्रात बाळंतिणीच्या बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवून शेक देण्याची चाल जुनी आहे. वारा लागू नये म्हणून खोलीची दारेखिडक्या बंद, आत ओली बाळंतीण आणि तिचे तान्हे. शेकाचे गुणदोष काही असोत, खोलीची एखादी खिडकी उघडी असल्यावाचून ती शेगडी आत येता कामा नये. पोटातील गर्भाला तर या वायूचा धोका आईपेक्षाही अधिक असतो, कारण गर्भाचे हीमोग्लोबिन त्याला अधिक घट्ट धरून ठेवते. शहरांत याहून वरचेवर कानी येते ती गॅस गीझरची गोष्ट: लहान न्हाणीघर, बंद झरोका, आत जळणारा गीझर, आणि दार वाजवूनही आतून न येणारे उत्तर. २१ जानेवारी २०२० रोजी नेपाळमधील दामन येथे केरळहून गेलेले आठ पर्यटक असेच दगावले; त्यांत चार मुले होती. थंडीमुळे त्यांनी खोलीत गॅसवर चालणारी शेगडी लावली होती व दारेखिडक्या आतून बंद होत्या. त्या खोलीत ना आग लागली, ना धूर झाला.

यंत्र कसे ओळखते

धुराचा सुगावा लावणाऱ्या यंत्राचा जन्म अपघाताने झाला असे सांगतात. १९३० नंतरच्या दशकात वाल्टर येगर हे स्विस पदार्थवैज्ञानिक विषारी वायू ओळखणारे साधन तयार करीत होते. वायूचा परिणाम यंत्रावर होईना. कंटाळून त्यांनी सिगारेट पेटवली, आणि यंत्राचा काटा हलला. वायूने जे केले नाही ते धुराच्या कणांनी केले होते. यातूनच पुढे आयनीभवनावर चालणारे धूरसूचक विकसित झाले. १९६५ साली अमेरिकेत ड्वेन पियरसल यांनी विद्युत् घटांवर चालणारे, सामान्य घराला परवडेल असे यंत्र सिद्ध केले आणि १९७० नंतर तिकडे त्याचा प्रसार झाला.

या पहिल्या प्रकारच्या यंत्रात अमेरिसियम–२४१ या किरणोत्सर्गी द्रव्याचा अतिसूक्ष्म अंश असतो. त्याच्या किरणांनी पेटीतील हवेचे आयनीभवन होऊन किंचित विद्युत् प्रवाह वाहतो. धुराचे कण आत शिरले की तो मंदावतो व गजर होतो. दुसऱ्या प्रकाराचे तत्त्व तर आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत. कौलातून कवडसा आला म्हणजे एरवी न दिसणारी धूळ त्यात चमकू लागते. प्रकाशविद्युत् यंत्राच्या काळोख्या पेटीत असाच एक प्रकाशझोत सोडलेला असतो आणि त्याच्या वाटेपासून बाजूला एक प्रकाशसंवेदी डोळा बसविलेला असतो. एरवी त्या डोळ्याला काही दिसत नाही. धूर आला की कणांवरून प्रकाश विखुरतो, डोळ्यावर पडतो, आणि गजर होतो.

दोहोंत निवड कोणती करावी? भडकून जळणाऱ्या आगीचे बारीक कण आयनीभवनाचे यंत्र थोडे लवकर टिपते. धुमसणाऱ्या आगीचा दाट धूर प्रकाशविद्युत् यंत्र लवकर टिपते, आणि या बाबतीतील अंतर कधीकधी पुष्कळच मोठे असते. आपल्या घरांचा विचार करता कापसाची गादी, तीवर पडलेली विडी, पलंगाखाली ठेवलेली डासांची उदबत्ती, भिंतीतल्या जुन्या तारांचे वितळणारे आवरण, या साऱ्या आगी आधी दीर्घकाळ धुमसतात आणि मगच पेट घेतात. कापसाची गादी तर रात्रभर धुमसत राहू शकते व त्या अवधीत कार्बन मोनॉक्साइडही सोडीत असते. स्वयंपाकाच्या वाफेने व फोडणीने निष्कारण ओरडण्याची खोडही पहिल्या प्रकारालाच जास्त आहे. यास्तव भारतीय घराने प्रकाशविद्युत् प्रकारच घ्यावा असे माझे स्पष्ट मत आहे. किरणोत्सर्गी द्रव्याचे भय हे त्याचे कारण नव्हे. तो अंश यंत्राच्या आवरणाबाहेर उपद्रव देत नाही. मात्र असली यंत्रे आपल्याकडे अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियंत्रणाखाली येतात आणि निकामी झाल्यावर ती कचऱ्यात टाकता येत नाहीत, हेही त्यांच्या विरुद्ध जाते.

स्वयंपाकघराची गोष्ट वेगळी. लाल मिरचीची फोडणी बसली की माणसांना ठसका लागतो, तेथे यंत्राने शांत राहावे ही अपेक्षाच अवाजवी. दिवसाआड खोटा गजर होऊ लागला की घरातील कोणीतरी स्टुलावर चढून त्याचे सेल काढून ठेवते, आणि त्या दिवसापासून छताला एक निरुपयोगी तबकडी लटकत राहते. यासाठी स्वयंपाकघरात धूरसूचक न बसविता उष्णतासूचक बसवावे. हवेचे तापमान सुमारे ५८ अंश सेल्सियसला पोहोचले की ते वाजते. धूर, वाफ, फोडणी यांची ते दखल घेत नाही. विदर्भात किंवा राजस्थानात पत्र्याच्या छपराला ते थेट चिकटवू नये, एवढे पथ्य पाळावे. उन्हाळ्यातील दुपारी तेथील उष्णता त्या मर्यादेच्या बरीच जवळ जाते. देवघरातील धूप, ऊद आणि कापूर यांच्यापासूनही धूरसूचक चार हात दूर असावे.

कार्बन मोनॉक्साइडच्या यंत्रात यांपैकी काहीच नसते. त्यात एक छोटा विद्युत्-रासायनिक घट असतो. हा वायू त्याच्या विद्युत् अग्रावर पोहोचला की त्याचे ऑक्सिडीकरण होऊन वायूच्या प्रमाणात प्रवाह निर्माण होतो. हे यंत्र वायू आढळताच वाजत नाही, हे अनेकांना ठाऊक नसते. किती वायू आणि किती वेळ, या दोहोंचा हिशेब करून ते वाजते. युरोपीय मानकानुसार हवेच्या दशलक्ष भागांत वायूचे ५० भाग असतील तर ६० ते ९० मिनिटांत, ३०० भाग असतील तर ३ मिनिटांच्या आत. अमेरिकी मानकात ७० भागांना एक ते चार तास, ४०० भागांना ४ ते १५ मिनिटे. रक्तात वायू साचण्याची गती लक्षात घेऊन ही परिमाणे ठरविली आहेत आणि धडधाकट माणसाला ती पुरेशी आहेत. घरात गर्भवती स्त्री किंवा हृदयविकाराचा रुग्ण असल्यास वायूचे प्रमाण आकड्यांत दाखविणारे यंत्र घ्यावे. गजर होण्यापूर्वीच वाढता आकडा पाहून खिडकी उघडता येते.

येथे एका गोंधळाचा खुलासा करणे अगत्याचे आहे. आपल्या बाजारात 'गॅस डिटेक्टर' या नावाने जे सर्रास मिळते ते बहुधा सिलिंडरमधील गॅसची गळती ओळखणारे यंत्र असते. ते उपयुक्त आहे, पण कार्बन मोनॉक्साइडच्या बाबतीत ते आंधळे असते. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, म्हणून त्याचे यंत्र जमिनीलगत बसवितात. धूर गरम असतो व वर जातो, म्हणून त्याचे यंत्र छतावर. कार्बन मोनॉक्साइड हवेहून किंचितच हलका असून खोलीभर सारखा मिसळतो. त्याचे यंत्र झोपलेल्याच्या श्वासाच्या उंचीपासून छतापर्यंत, उत्पादकाने सांगितले असेल तेथे बसवावे. दुकानात यंत्र हातात घेतल्यावर खोक्यावरील चित्राकडे न पाहता ते कोणता वायू ओळखते एवढे वाचावे.

एक वाजले की सारी वाजावीत

आता मूळ मुद्द्याकडे वळू. समजा, एका दुमजली घरात खाली बैठकीत धूरसूचक आहे आणि माणसे वर झोपली आहेत. रात्री दोनला खालच्या सोफ्याने पेट घेतला. यंत्राने आपले काम चोख केले. तीन मीटरवर ८५ डेसिबल इतक्या मोठ्या आवाजात ते ओरडू लागले. परंतु मध्ये जिना आहे, शयनगृहाचे दार लावलेले आहे, आत पंखा किंवा कूलर घरघरतो आहे. वर पोहोचेपर्यंत तो आवाज शेजारच्या घरातील भांड्याच्या आवाजाइतका क्षीण होतो. धूर वर चढून दुसऱ्या यंत्राला जागे करील तोवर जिना, म्हणजे उतरण्याची वाट, धुराने भरलेली असेल. परस्परांस जोडलेल्या यंत्रांत खालचे यंत्र जागे झाले की त्याच क्षणी वरचेही वाजते. हे म्हटले तर फार साधे आहे, पण त्यामुळे पदरात पडणारी दोन-तीन मिनिटे जीव वाचवायला पुरेशी ठरतात. आजच्या घरांत फोमच्या गाद्या आणि प्लास्टिक जळून हायड्रोजन सायनाइडही निघत असल्याने त्या मिनिटांचे मोल वाढले आहे.

काही देशांनी हे कायद्यात आणले आहे. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला १४ जून २०१७ रोजी लागलेल्या आगीत ७२ जण गेले. त्यानंतर स्कॉटलंडने नियम कडक केले आणि १ फेब्रुवारी २०२२ पासून तेथील प्रत्येक घराला, ते भाड्याचे असो की मालकीचे, परस्परजोड यंत्रे बंधनकारक झाली: सर्वाधिक वापराच्या बैठकीत एक धूरसूचक, प्रत्येक मजल्याच्या बोळात एक, स्वयंपाकघरात उष्णतासूचक, आणि इंधन जाळणारे उपकरण किंवा धुराडे असेल त्या खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा गजर. यांतील शेवटचा इतरांशी जोडलेला असलाच पाहिजे असे मात्र तो कायदा म्हणत नाही. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंड राज्यात २०११ च्या ऑगस्टमध्ये स्लॅक्स क्रीक येथे एकाच घरातील आगीत अकरा जण दगावले. त्यानंतर झालेल्या कायद्याने शयनगृहांसकट साऱ्या घरात परस्परजोड प्रकाशविद्युत् यंत्रे बसविण्यास १ जानेवारी २०२७ ही अखेरची मुदत घातली आहे. आपल्याकडे स्वतंत्र राहत्या घराला अशी सर्वसाधारण सक्ती नाही. भारतीय मानक आयएस २१८९ हे अग्निसूचक यंत्रणांच्या निवडीचे व मांडणीचे मार्गदर्शन करते. तथापि ते मुख्यतः मोठ्या इमारतींना समोर ठेवून लिहिलेले आहे. घरापुरता निर्णय गृहस्थानेच घ्यावयाचा आहे.

जोडणी दोन प्रकारची असते. घर बांधताना किंवा तारा बदलताना यंत्रांना वीज आणि संदेश दोन्ही पुरविणारी तार छतातून नेता येते. ही जोडणी सर्वांत भरवशाची. मात्र वीज गेल्यावरही चालण्यासाठी प्रत्येक यंत्रात राखीव घट हवाच. बांधून झालेल्या घरात भिंती फोडण्याऐवजी रेडिओ लहरींनी परस्परांशी बोलणारी यंत्रे घ्यावीत. येथे दोन पथ्ये आहेत. एक, भिन्न उत्पादकांची यंत्रे एकमेकांची भाषा समजत नाहीत, कित्येकदा एकाच उत्पादकाच्या दोन मालिकादेखील. म्हणून सारा संच एकाच घराण्याचा असावा. दुसरे, यंत्रे परस्परांशी थेट बोलणारी असावीत. आधी घरातील वाय-फायकडे, तेथून दूरच्या संगणकाकडे आणि मग भ्रमणध्वनीवर, असा ज्या संदेशाचा प्रवास आहे तो वीज गेली की थांबतो. भ्रमणध्वनीवर वर्दी येणे ही सोय चांगली आहे. पण तिला गजराची जागा देऊ नये. परदेशी असलेल्या मुला-मुलींनी प्रेमाने पाठविलेल्या यंत्रांविषयीही सावध राहावे. अमेरिकेतील घरगुती वीज १२० व्होल्टची, आपली २३०. आणि अशा उपकरणांसाठी राखलेल्या रेडिओ लहरीही देशोदेशी वेगळ्या आहेत.

धूर आणि कार्बन मोनॉक्साइड यांची यंत्रे एकाच साखळीत असतील तर आणखी एक प्रश्न विचारावा: दूरच्या खोलीत वाजणारा गजर कशाचा आहे हे कळते काय? अमेरिकी पद्धतीत धुरासाठी तीन-तीन आणि या वायूसाठी चार-चार ठोक्यांचा गजर असतो. काही यंत्रे तर बोलूनही सांगतात. भेद महत्त्वाचा आहे, कारण कृती वेगळी आहे. धुराचा गजर झाला तर वाकून, जाता जाता दारे ओढून घेत बाहेर पडावे. खिडक्या उघडत बसू नये, वाऱ्याने आग वाढते. वायूचा गजर झाला तर वाटेत हाताशी असतील त्या खिडक्या उघडाव्यात, शेगडी वा गीझर बंद करावा, सर्वांना बाहेर काढावे आणि माणसे मोजावीत. भेद कळत नसेल तर आग समजूनच वागावे.

आवाजाविषयी थोडे अधिक सांगितले पाहिजे. बहुतेक यंत्रांचा स्वर तारसप्तकातला, सुमारे ३,००० हर्ट्झ कंप्रतेचा असतो. वाढत्या वयात कान नेमके हेच स्वर आधी गमावतात. लहान मुले तर गजर उशाशी वाजत असतानाही शांत झोपून राहतात, असे प्रयोगांत वारंवार दिसले आहे. सुमारे ५२० हर्ट्झचा खर्जातला स्वर दोघांनाही अधिक खात्रीने जागे करतो. अशी यंत्रे महाग आहेत व सहज मिळत नाहीत. मिळाल्यास आजी-आजोबांच्या खोलीत ती बसवावीत. न मिळाल्यास, गजर होताच मुलांकडे कोणी धावायचे आणि वृद्धांकडे कोणी, हे आधीच ठरवून ठेवावे.

आपल्या घरापुरता हिशेब

एकाच खोलीच्या घराला परस्परजोडीची गरज नाही. तेथे आग, शेगडी आणि अंथरूण एकाच छताखाली आहेत. एक चांगले धूरसूचक चुलीपासून शक्य तितके दूर बसविले की पुरे. दोन शयनगृहांच्या सदनिकेत स्वयंपाकघरात उष्णतासूचक, बैठकीत, शयनगृहांकडे जाणाऱ्या बोळात आणि दोन्ही शयनगृहांत धूरसूचक, असा पाच यंत्रांचा संच आदर्श म्हणता येईल. पैशाची ओढ असेल तर बोळ व बैठक यांपासून आरंभ करावा आणि पुढे त्याच मालिकेतील यंत्रे वाढवीत जावे. दुमजली घरात जिन्याच्या माथ्याचे यंत्र कधीही वगळू नये. धूरसूचक छताच्या मध्यभागाकडे असावे, भिंतीपासून निदान ३० सेंटिमीटर दूर, आणि पंख्याच्या पात्यांच्या टोकापासून सुमारे मीटरभर अंतरावर. पंख्याच्या झोताने धूर उधळला जातो व यंत्रापर्यंत पोहोचतच नाही. अलीकडे विजेवर चालणारी दुचाकी दारापाशीच विजेला लावून ठेवण्याची पद्धत पडली आहे. तिच्या घटाची आग इतक्या झपाट्याने वाढते की गजराने मिळणारा अवधी अगदी थोडा उरतो. आणि ती लागते नेमकी बाहेर पडण्याच्या वाटेवर. यावर यंत्राचा इलाज नाही. वाहनाची जागा बदलणे हाच इलाज.

गॅस गीझरबाबतही तेच म्हणावे लागेल. न्हाणीघरातील वाफेत कार्बन मोनॉक्साइडचे यंत्र टिकत नाही, म्हणून ते बाहेरच्या बोळात लावतात. पण बंद न्हाणीघरात जो कोसळतो त्याला बाहेरचे यंत्र उशिरा वाचवते, किंवा वाचवीतही नाही. गीझर न्हाणीघराबाहेर, वाहत्या हवेत बसवावा आणि गरम पाणी नळाने आत आणावे. एवढे केल्यावर, घरात निखारे किंवा जनित्र वापरात नसेल तर या वायूच्या यंत्राची निकड पुष्कळच कमी होते, आणि तो पैसा धूरसूचकांकडे वळविता येतो. थंड प्रदेशात जेथे बुखारी किंवा अंगिठी आहे तेथे मात्र क्रम उलटा: आधी हे यंत्र, झोपण्याच्या खोलीत.

महिन्यातून एकदा यंत्राची कळ दाबून पाहावी. स्वयंपाकघरातील यंत्राची कळ एकाने दाबावी, दुसऱ्याने सर्वांत दूरच्या खोलीत दार लावून, पंखा चालू ठेवून उभे राहावे आणि आवाज येतो का ते ऐकावे. पावसाळ्याच्या तोंडी बारीक किडे व वर्षभराची धूळ पेटीत शिरून खोटे गजर होतात. मऊ कुंचल्याने जाळी झाडून काढावी. रंगकामाच्या वेळी यंत्रावर घातलेली प्लास्टिकची पिशवी काम संपताच काढावी. धूरसूचकाचे आयुष्य दहा वर्षांचे, कार्बन मोनॉक्साइडच्या घटाचे प्रकारानुसार पाच ते दहा वर्षांचे. कळ दाबल्यावर यंत्र वाजते म्हणजे आतील संवेदक जिवंत आहे असा अर्थ होत नाही. कळ केवळ गजर व विद्युत् मंडल तपासते. निर्मितीची तारीख पाठीवर छापलेली असते. ती वाचून, बदलण्याचे वर्ष यंत्राच्या कडेला ठळक अक्षरांत लिहून ठेवावे आणि ते वर्ष उजाडले की यंत्र बदलावे. उतरविलेल्या यंत्रावर किरणोत्सर्गाचे तीन पात्यांचे चिन्ह असल्यास ते भंगारवाल्याला न देता विक्रेत्याकडे परत करावे.